मैदानावरचं काम

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी शाळेपुढून जाताना मी अजून सूचनाफलकाकडे बघते. येत्या आठवड्यात काय आहे ते तुम्ही दर सोमवारी तिथे खडूने लिहायचात. वक्तृत्व स्पर्धा, खो-खोचे सामने, पालकसभा. दुष्काळाच्या त्या वर्षी वर्गातले निम्मे बाक रिकामे होते, विहिरींनी तळ गाठला होता, आणि तुम्ही मात्र ठसठशीत अक्षरात स्नेहसंमेलन लिहिलंत. नाटकात मला राणीचं काम दिलंत. नववीतल्या माझ्या अंगावर धड परकर नव्हता, आणि म्हणे राणी. पण सर, त्या राणीवरच माझे दिवस निघत होते.

मग तुम्ही खाली एक ओळ वाढवलीत: शनिवारी मैदानावर काम, पालकांनी पाटी-फावडं घेऊन यावे. तुम्हाला श्रमदान म्हणायचं होतं, संमेलनाआधी मैदान सारखं करून घ्यायचं होतं. पण त्या दिवसांत आमच्याकडे 'काम' या शब्दाला एकच अर्थ उरला होता: सरकारी दुष्काळी कामावरची मजुरी.

शनिवारी मैदान माणसांनी भरलं होतं. वस्त्यावस्त्यांवरून बाया तान्ही पोरं काखेला मारून आल्या होत्या. माझी आई सगळ्यांच्या पुढे उभी होती. सकाळी वेणी घालताना ती मला म्हणाली होती, "हितंच काम निघालं म्हंजी गाव सोडाया नको. तुजी साळा बी ऱ्हाईल."

"सर, हजेरी कोन मांडनार?" तिने विचारलं.

तुम्हाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तुमचा चेहरा उतरला. "मावशी, हे सरकारी काम नाही हो. संमेलनासाठी मैदान करायचंय."

"मंग मजुरी न्हाई?"

"नाही."

कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. सगळे पाट्या उचलून निघाले. "संमेलनापर्यंत तरी पोरीला ठेवा," तुम्ही आईला म्हणालात.

"आन् तवर खायाचं काय, सर?" ती रागाने नाही, खरंच विचारत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही लांब तलावाच्या कामावर गेलो आणि माझी शाळा तिथेच संपली.

पुढे एका मैत्रिणीने सांगितलं, राणीचं काम तुम्ही कुणालाच दिलं नाहीत. खुर्ची रिकामी ठेवलीत आणि माझी वाक्यं पडद्याआडून स्वतः म्हणालात. समोर मोजकीच माणसं होती म्हणे. ऐकून मी रडले, तुमच्यावर चिडलेही. कुणाला तरी बसवायचं होतंत तिथे, सर. मी थोडीच परत येणार होते?

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहिते. संमेलनाच्या त्या दिवशी कामावर पहिल्यांदा सुकडी, सरकारचं ते गोडसर भाजकं पीठ, वाटली. मी ओंजळीने घेऊन पोट भरेपर्यंत खाल्ली, आणि दिवसभरात राणीची मला एकदाही आठवण झाली नाही.