एका उशीवरची दोन माणसं

सोम. ३ फेब्रु.

शाळेत ऑर्डर आली. शिक्षकांना पुन्हा घरमोजणी. या वेळी नगरपालिकेची (यापुढे न.पा., हात दुखतो). २१ तारखेला बजेटची सभा. कुठल्या गल्लीत नळाची लाइन, कुठे संडास, कामगारांसाठी भाड्याची घरं बांधायची की नाही, सगळं त्या दिवशी. आणि ठरणार आमच्या कागदांवरून. माणसं कमी, तिथे लाइन मेन रोडपर्यंतच येऊन थांबणार.

ह्यांना सांगितलं. "म्हणजे सिल्वासा आता तुझ्या मुठीत," म्हणाले. नेहमीचं चिडवणं. पण खरंच जरा दडपण आलं. कोकणातून इथे आले तेव्हापासून हजेरी घेतेय, एक पोर सुटत नाही माझ्या नजरेतून. जमेल.

बुध. ५ फेब्रु.

सामरवरणीच्या बाजूची पत्र्याची चाळ. आठ खोल्या, एक बोळ, नळ नाही. मोजणीची ड्यूटी म्हणून शाळेतून अकराला गेले. सगळे झोपलेले, पाय दाराबाहेर. दारातूनच मोजले. सोळा. कोणाला उठवलं नाही, स्वतःचंच कौतुक वाटलं.

आठांच्या पुढे, टोकाच्या खोलीत खानावळ. चालवणारी सुनंदा, शहाद्याकडची, पंचेचाळिशीची असेल. रस्त्यापलीकडच्या बोअरवरून पाणी वाहते, एका वेळी दोन हंडे. उजवा गुडघा सुजलेला. म्हणाली, नळ आला तर खानावळ चालेल, नाही आला तर हा पाय काही पावसाळा काढत नाही, गावी परत. इथे कोण आहे विचारलं, तिनेही सोळाच सांगितले. चहा दिला. मी नको नको म्हणत पूर्ण प्यायले.

गुरु. ६ फेब्रु.

तक्ता जमा. सही. सोळा.

रवि. ९ फेब्रु.

सकाळी दात घासत होते. समोर पेल्यात आमचे दोन ब्रश. आम्ही दोघं, ब्रश दोन. आणि एकदम आठवलं. चाळीत प्रत्येक दारापाशी कापलेली बाटली खिळ्याला टांगलेली, आत ब्रश कोंबलेले. झोपलेले दोन आणि ब्रश चार.

तोंडात फेस तसाच. हे बाहेरून विचारतात, "बरं वाटत नाहीये का?"

सोम. १० फेब्रु.

शाळा साडेदहाची. सातलाच चाळीत गेले. जे बघितलं ते नीट लिहिता येईल असं वाटत नाही, तरी लिहिते.

सातनंतर दारं उघडली. माणसं निघाली, डबा, सायकल, कोणी चालत सायलीच्या कारखान्यांकडे. पंधरा. निघताना प्रत्येक खोलीची किल्ली सुनंदाच्या दारातल्या पाटीवर, खोलीवार खिळे आहेत. साडेसातला बोळ रिकामा. एक कुत्रं फक्त. साडेआठपासून दुसरी माणसं यायला लागली, डोळे लाल, अंगाला तेलाचा वास. किल्ली उचलायची, आत जायचं, त्याच गोधडीवर आडवं व्हायचं. गोधडी कोणी गुंडाळतच नाही. ही माझी सोळा.

म्हणजे मी निम्मीच चाळ मोजली. एकाच भिंतीत दोन चाळी, आणि एकीला दुसरी दिसत नाही. मी बोळात उभी राहिले ती राहिलेच. इतकी वर्षं या गावात राहून आपल्याला काय माहीत होतं?

सुनंदाला म्हटलं, त्या दिवशी सांगायचं नाही का?

"बाई, आठे कोन शे, इतलंच इचारं तुमी. जे व्हतात ते सांगात."

खरंय. इथे कोण आहे हेच विचारलं मी. राहतं कोण, हे नाही विचारलं.

उत्तर प्रदेशचा मुकेश रातपाळीचा, त्याच गादीवर दिवसपाळीचा दिलवर झोपतो. चार महिने झाले. मुकेशला विचारलं, दिलवर कसा आहे? हसला. "मॅडम, मिले नहीं कभी ठीक से. सुट्टी भी अलग. तकिये में खोपरेल की बास आती है, बस वही दिलवर है."

शाळेत चौथीला मराठीच्या तासाला गणित घेतलं. मुलांनी सांगितल्यावर कळलं.

मंगळ. ११ फेब्रु.

न.पा.त गेले. मोजणीचं टेबल सोलंकीभाईंकडे. चूक माझी, दुरुस्ती हवी, म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बेन, एक खटिया, एक आदमी. इसमें सुधारा क्या करना?"

सांगितलं सगळं. किल्ल्या, गोधड्या, ब्रश. ऐकता ऐकता पेन खाली ठेवलं त्यांनी. म्हणाले, त्यांचा भाऊ वापीला असाच राहायचा, आईला शेवटपर्यंत वाटत होतं त्याला स्वतंत्र खोली आहे.

पण सही झालेला तक्ता बदलत नाही. लेखी खुलासा द्यायचा, तो सभेपुढे जाईल. मी, अमुक अमुक, सहशिक्षिका, माझ्याकडून चुकीची मोजणी झाली असे... पोरांना इतक्या वेळा "चूक कबूल करा" म्हणून उभं केलंय, त्यांना कसं वाटत असेल ते आज कळलं. एकतीस लिहिलं.

शुक्र. २१ फेब्रु.

अर्धी रजा टाकून सभेला. मागच्या खुर्च्यांवर मी, सोलंकीभाई आणि सुनंदा. ती चांगली साडी नेसून, लंगडत. बजेटचा गठ्ठा दोन हातांनी उचलावा लागतो एवढा. दिवे, गटारं, बाग, कचरागाडी, दवाखाना. आपण सकाळी नळ सोडतो त्यामागे कुठेतरी अशी एक ओळ असते आणि तिच्यासाठी कोणीतरी हात वर केलेला असतो. मला हे वयाच्या एकावन्नाव्या वर्षी कळतंय. अंगावर काटा आला. बाजूचे गृहस्थ घोरत होते.

आमची गल्ली शेवटून दुसरी. खुलासा वाचला. एक सदस्य हसले, "एका गादीवर दोन माणसं? कागदावरच झोपतात का?" सगळे हसले. माझे कान तापले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "जाऊन बघा," एवढंच. दोन सदस्यांनी सोमवारी साडेआठला जायचं, मग लाइनचं ठरेल.

बाहेर आल्यावर लक्षात आलं. साडेआठला दिवसपाळी कामावर असणार. पुन्हा सोळाच दिसतील.

रवि. २३ फेब्रु.

सुनंदाचा फोन. "दिनवाला बठ्ठा थांबतस उद्या." दिवसपाळीचे सगळे अर्धा दिवस खाडा करणार. मी सांगितलेलं नाही. कोणीच सांगितलेलं नाही.

सोम. २४ फेब्रु.

चाळीतच, सुनंदाच्या ओट्यावर बसून लिहितेय. नऊ वाजून गेले. न.पा.ची गाडी नाही. सोलंकीभाई नाक्यावर उभे आहेत.

पण एकतीसही जण बोळात आहेत. बोळात मावत नाहीत. इतकी माणसं या पत्र्याखाली राहतात हे मोजूनही मला खरं वाटत नव्हतं, आता वाटतंय. त्यांनाही आत्ताच वाटत असावं, एकमेकांकडे बघताहेत नुसते. मुकेशने एकाला जवळ जाऊन विचारलं, "तू दिलवर?" तो लाजला. मग दोघं आपल्या दारात टेकून उभे राहिले, एक उजवीकडे, एक डावीकडे. दोघांचं ते एकच दार. मला बघवेना, म्हणून वहीत बघतेय.

अर्ध्या दिवसाच्या बोलीवर थांबलेत. दहाच्या पुढे थांबले तर पूर्ण दिवसाचा खाडा धरतात.

पुन्हा मोजले. एकतीस. कागदाशी जुळलं.

सुनंदा चहाचे पेले विसळता विसळता माझ्या वहीत डोकावली. म्हणाली, "बाई, मी कोनती पाळीमा शे?"

पहिल्या तक्त्यात ती नाही. खुलाशात नाही. त्या खानावळीच्या खोलीतच झोपते ती, दोन्ही पाळ्यांच्या मध्ये, सगळ्यांच्या किल्ल्या सांभाळत. तिचा चहा पिऊन मी दोनदा मोजणी केली, आणि दोन्ही वेळा ती सुटली.

मेन रोडवर हॉर्न. सोलंकीभाई हात हलवताहेत, गाडी आली म्हणून की नाही म्हणून, इथून कळत नाही. एकतीस खोडलं आहे. खाली बत्तीस लिहितेय.