खड्ड्याची दिशा

३ मार्च
आमच्या बाजारात तोफगोळा पडला. एकोणीस माणसं गेली. शस्त्रसंधीचा बारावा दिवस!
साहेबांचा फोन— "पदार्थविज्ञानवाली तूच ना? उद्या खड्डा मोजायला जा." परराष्ट्र खात्यात येऊन आठ महिने झाले. आजवर फक्त कराराच्या मसुद्यातली मापं तपासली.

४ मार्च
करारानुसार खड्डा दोन्ही देशांनी मिळून मोजायचा. पलीकडच्या देशाचा माणूस माझ्याच वयाचा, जाड भिंगांचा चष्मा. खड्ड्याच्या काठाला एक चप्पल— आत पाऊल तसंच. मी ओकले. चष्मेवाल्यानं पाणी दिलं. "माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं."
दोरी ताणली, होकायंत्र ठेवलं. तीनदा मोजलं. खड्ड्याच्या आकारावरून गोळा उत्तरेकडून आलेला. उत्तरेला आमचीच टेकडी, आमच्याच तोफा!
दोघांनी सह्या केल्या. 

५ मार्च
साहेब लालबुंद. "दिशा फिरव." म्हटलं, खड्डा कसा फिरवू? "इथं तुला कोन मोजायला घेतलेलं नाही. कोण कुणाचं, ते ओळखायला घेतलंय!"

६ मार्च
बातमी फुटली. ऑफिसच्या फाटकात जमावानं गाठलं. एका बाईनं केस धरून खाली पाडलं. तिचा मुलगा बाजारातल्या गोळ्यानं मेला होता. "आपल्याच पोरांवर आळ घेतेस?" कुणीतरी उजव्या हातावर गज घातला. बोटं मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

७ मार्च
कालचं आणि आजचं डाव्या हातानं लिहितेय. आईनं जेवण भरवलं. "खऱ्याचा मक्ता काय तूच घेतलायस का गं?"

९ मार्च
काल त्यांच्या बसथांब्यावर गोळा. अकरा ठार. ते म्हणतात, आम्ही टाकला. त्यांच्याकडून चष्मेवालाच मोजणार, आमच्याकडून माझ्या जागी दुसरा. साहेब म्हणाले, "बघ, तो कसा आपल्या लोकांची बाजू सांभाळतो. शीक जरा!"
दुपारी खिडकीतून पेटती बाटली आली. पडदा भडकला. आईचा हात खांद्यापर्यंत भाजला.  

१० मार्च
सकाळी साहेबांच्या खोलीत गेले. डाव्या हातानं लिहिलं— मोजमापात चूक झाली, सही मागे घेते. साहेबांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली. चहा मागवला. मी प्यायले.

११ मार्च
बसथांब्याचा अहवाल आला. गोळा त्यांच्याच तोफेचा— खाली चष्मेवाल्याची सही.
सही करून बाहेर पडला, आणि त्यांच्याच शिपायांनी पायरीवर त्याला गोळ्या घातल्या. काल सकाळी. मी चहा पीत होते तेव्हा.