दोनदा आत आलेलं ताट

कोचकोर, सोमवार, १२ ऑक्टोबर २०१५

आदरणीय थोरले भाऊजी,

तुम्हाला, जाऊबाईंना आणि पोरांना सलाम. तुमच्याकडे तलासला राजमा काढून झाला असेल. आमचे बटाटे तळघरात गेले, खिंडीत पहिला बर्फही पडला. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही तो जाऊबाईंच्या हातात देता. म्हणून पत्र. रागाने फाडू नका, आत पेनड्राइव्ह आहे!

सापडलं, भाऊजी! अहो, सापडलं!

व्हिडिओवाल्या किदिरने दुकान बंद केलं आणि ज्याच्या त्याच्या मूळ कॅसेटी परत दिल्या. आमच्या लग्नाच्या तीन निघाल्या. सगळ्यांनी पाहिली ती कापून जोडलेली, या न कापलेल्या. मी शेजारून व्हीसीआर आणला, बाजारातून एक छोटी डबी आणली आणि वायरी कॉम्प्युटरला लावल्या. चित्र धुरकट यायला लागलं तसा मशीनचा आतला भाग वोदकाने पुसला. तुमचा भाऊ मेदेर म्हणतो, "मला डॉक्टरने बंद केलीय, निदान मशीनला तरी पाज."

या कामात घाई चालत नाही. कॅसेट पूर्ण वाजेल तेव्हाच ती कॉम्प्युटरमध्ये उतरते. म्हणजे सगळं लग्न पुन्हा बघायचं! माझी आत्या कॅमेऱ्याकडे पाठ करून गुपचूप खातेय, सासूबाई दिसेल त्याच्यावर ओरडतायत. हसून हसून पोट दुखलं.

आणि मग ताट आलं.

एक पोरगा दारात, ताटात मेंढ्याचं डोकं; मागे दुसरा पोरगा दुसरं ताट घेऊन. मेदेरचा आवाज अगदी स्वच्छ: "डोकं माझ्या दादापुढे ठेव. या घरात बापाच्या जागी तोच आहे." तेवढ्यात किदिरच्या त्या मोठ्या दिव्याने घराचा फ्यूज उडाला. सगळा काळोख. मग तुम्ही म्हणता, "थांबा रे, मी बघतो." उजेड परत आला तेव्हा तुम्ही अजून बाहेरच, आणि किदिर ओरडतोय, "चित्र गेलं माझं! ताटं घेऊन मागे जा, परत आत या!" कॅमेरा बंद करायला तो विसरला होता. उघड्या दारातून सगळं दिसतं. दोन्ही पोरांनी ताटं खाली ठेवली, हात झटकले आणि उचलताना एकाचं ताट दुसऱ्याने उचललं! तुम्ही येऊन बसलात तर डोकं शाकेनपुढे, तुमच्याहून लहान असलेल्या शेजाऱ्यापुढे, आणि तुमच्यापुढे मांडीचा फरा. तुम्ही उठलात ते थेट घोड्यावर.

किदिरने पहिली खेप कापली, दुसरी ठेवली. तीच कॅसेट दाखवून तुम्ही इतकी वर्षं म्हणत आलात, "हे बघा, डोळ्यांनी बघा." मेदेर सांगून दमला की डोकं तुमच्याचसाठी होतं. त्याचं कोण ऐकणार?

अहो, फ्यूज तुम्हीच बसवत होता! आमच्या लग्नासाठी अंधारात धडपडत होता आणि तेवढ्यात तुमचंच ताट गेलं. मला हसू येतं आणि रडूही येतं.

मेदेरने तेवढा भाग मागे नेऊन नेऊन पाहिला. मी म्हटलं, दादांना पाठवूया. "पाठव नाहीतर चुलीत घाल. मी गयावया करणार नाही." तुमचाच भाऊ, दुसरं काय.

येत्या शुक्रवारी आम्ही मेंढा कापतोय. सण कुठला, असं विचाराल. इतकं लिहिलं आणि हेच टाळत आले. शनिवारी मेदेरला बिश्केकला न्यायचंय. हृदयाचं ऑपरेशन आहे. तुम्हाला कळवायचं नाही अशी मला ताकीद आहे, दया येऊन आलेला दादा नको म्हणे. पण पिशवी भरायलाही तयार नाही. "दादाने हात उघडून दुवा दिल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही." सांगा, अशा माणसाचं मी काय करू? मला फार भीती वाटते, भाऊजी.

सून म्हणून तुमचं नाव मी कधी उच्चारलं नाही, लिहिणारही नाही. म्हणून पाकीट कोरंच ठेवून चहा करायला उठले. परत येऊन बघते तर त्यावर तुमचं नाव होतं. अक्षर तुम्ही ओळखाल.

शुक्रवारी डोकं तुमच्या जागेपुढे ठेवणार आहे. जागा रिकामी राहिली तरी ते दुसऱ्या कुणापुढे जाणार नाही.

ताट पुन्हा एकदा आत आणायला दारात उभी असलेली,
तुमची धाकटी भावजय,
सालकिन