आधी माझं टक्कल, मग दाजी

ती. दाजी,

दोन्ही हातांनी पाया पडतो. (पाय मागे घेऊ नका, पत्रातल्या नमस्काराला ती सोय नसते.) मोसंबीची गळ थांबली का? ताईची कंबर कशी आहे? इकडे जालन्यात आम्ही बरे आहोत. म्हणजे शालू बरी आहे, आणि नवऱ्याशी बोलत नाही म्हणून जरा जास्तच बरी दिसते. फोन तुम्ही उचलत नाही, व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंत, म्हणून हे पत्र. पोस्टमनला कुणी ब्लॉक केल्याचं अजून ऐकलं नाही.

तर अर्पिताच्या साखरपुड्याबद्दल. माझा उद्योग तुम्हाला माहीत आहे. एरवी एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात कामगारांच्या हजेऱ्या घेतो आणि लग्नसराईत माईक धरतो. पण मी एक नियम पाळतो : दुसऱ्याला हात लावण्याआधी स्वतःला झोडपून घ्यायचं. त्या दिवशीही आधी माझ्या टकलावर बोललो (लाइट गेली तरी काळजी नको, मी वाकून उभा राहतो), मग पोटावर, मग चौथ्या खेपेला सुटलेल्या दहावीवर. एवढा मार खाल्ल्यावर माणसाला थोडं मारायचाही हक्क मिळतो, असं माझं मत. मग तुमच्या बोलताना अडखळण्याकडे वळलो. 'दाजींनी ताईला नाव विचारायला सुरुवात केली पोळ्याला, आणि विचारून झालं तेव्हा दारात आकाशकंदील लागले होते,' एवढंच म्हणालो. धावड्याचे व्याही इतके हसले की त्यांना उचकी लागली, धावतपळत पाणी आणावं लागलं. आता अख्खा मांडव हसला, त्यात पाप माझ्या एकट्याचं कसं?

मला काय माहीत, तुम्ही त्याच वेळी पाहुण्यांचं स्वागत करायला उठत होतात! चारच वाक्यं होती म्हणे. ताई सांगते, महिनाभर तुम्ही ती मोसंबीच्या झाडांना म्हणून दाखवत होतात आणि बागेत एकदाही अडखळला नव्हतात. माझा विनोद झाला, तुम्ही सगळ्यांबरोबर हसलात आणि खाली बसलात. ती वाक्यं बागेतच राहिली.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन. "हे म्हणून राह्यले, लग्नात अर्पिताच्या मागं मामा म्हणून पुंजाराम उभा राहीन. तू येऊ नको असं न्हाई, पण खुर्चीवर बस." पुंजाराम! दाजी, माझा सख्खा चुलतभाऊ आहे म्हणून सांगतो, तो उभ्या उभ्या झोपतो. (तिसऱ्या मंगलाष्टकाला नवरीलाच मामाला धरावं लागेल.) इतक्या लग्नांत 'मुलीचे मामा, मुलीला घेऊन या' असं घसा फाटेस्तोवर ओरडलो, आणि माझी पाळी आली तर मी खुर्चीवर! मला नि शालूला ज्या मांडवात मिरवायचं, तो हा एकच.

रागारागात कारखान्यातल्या माझ्या जोडीदाराला, माऊलीला, सगळं सांगितलं. नियमही समजावला. "बराबर हाय तुहं," म्हणाला आणि चहाच्या सुट्टीत लगेच वापरून दाखवला. आधी स्वतःच्या पुढे आलेल्या दातांवर बोलला, आम्ही पोट धरून हसलो, आणि मग माझ्या घरातल्या एका गोष्टीकडे वळला. माझा चहा त्याच्या पँटवर कसा गेला ते मला आठवत नाही. "आरं, म्या आधी सोताला बोललो ना!" असं तो नळाखाली पँट धूत बराच वेळ ओरडत होता. घरी येऊन शालूला सांगितलं, तर अबोला मोडून ती म्हणाली, "टक्कल काय दुखतं का तुम्हाला? मंग त्याच्यावर बोलला, त्याचं काय एवढं कौतुक?"

तेव्हा दाजी, चुकलो. या वाक्यात विनोद नाही, शोधू नका. फार वाईट वाटतं.

तुमचा (अजूनतरी) मेहुणा,
धर्मराज

ता. क. : माफी खरीच आहे, पण पत्र लिहायचं कारण दुसरं. पुंजारामला पोटभर जेवू घाला, आणि अर्पिताच्या मागे मला उभं राहू द्या. फेटा आणून ठेवलाय. (टक्कल झाकलं जाईल, तेवढाच पाहुण्यांच्या डोळ्यांना आराम.)

आणखी एक : लग्नात माईक तुमच्या हातात देतो. ती चार वाक्यं म्हणा. वेळ लागू द्या. भटजी थांबतील, पंगत थांबेल, आणि मी मधेच शब्द पुरवणार नाही. मग माझ्यावर काय बोलायचं ते बोला. टक्कल, पोट, दहावी, सगळं तुमचं.

शेवटचं : फक्त आम्हाला लेकरू नाही, तेवढ्यावर बोलू नका. त्यावर मला हसता येत नाही. (तुम्ही इतक्या वर्षांत कधी बोललाही नाहीत म्हणा.)