अण्णांचा उजवा हात

३ नोव्हेंबर, सोम.

"त्या हाताक लोंबकळू नको गो." आईचं हे वाक्य आज दिवसभर डोक्यात. मी पाच-सहा वर्षांची असेन. अण्णा कामावरून आले की धावत जाऊन त्यांचा हात धरायची, आणि आई आतून ओरडायची. डावा चालायचा. डाव्याला खूप झोके घेतले. उजव्याला नाही.

आठवायचं कारण, सकाळी मनोजदादाचा फोन. स्मारक समितीचा अध्यक्ष. आपल्याच सेक्टरमधला, शाळेत असताना माझ्याकडून निबंध लिहून न्यायचा. आता निवडणुकीला उभा राहणार म्हणे, म्हणून सगळ्यांचा दादा. बागेत अण्णांचा पुतळा बसतोय. पूर्णाकृती. अनावरणाला मंत्री. "ताई, गोवा मुक्तीचा एवढा मोठा माणूस आपल्या चारकोपात राहत होता, आणि इथल्या पोरांना पत्ताच नाही ना!" फलकासाठी दोन ओळी मी द्यायच्या. "तू लेखिका, त्यात घरचीच."

हो म्हटलं. अण्णांना जाऊन वर्ष होत आलं. आनंद झाला का, ते आत शोधलं. काही सापडलं नाही.

५ नोव्हें., बुध.

दोन ओळी होत नाहीत. 'थोर स्वातंत्र्यसेनानी' लिहिलं, खोडलं. अण्णा स्वतः सांगायचे ते एवढंच: "गेलो, मार खाल्ला, परत आलो." पोर्तुगीज पोलिसांनी बंदुकीचा दस्ता खांद्यावर घातला. तुरुंगात हाड जसं जमलं तसं जुळलं. नंतर तो हात खांद्याच्या वर गेलाच नाही. युनियनच्या सभांत घोषणा डाव्या मुठीने, उजवा खिशात. लोकांना ती ऐट वाटायची.

पुढे पक्षाशी भांडून बाहेर पडले. त्यानंतर त्यांच्यातलं कुणी दारात आलं नाही. आता तोच पक्ष पुतळा

चहा उतू गेला. राहू दे.

९ नोव्हें., रवि.

मूर्तिकाराच्या गाळ्यावर गेले, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. मनोजदादा सोबत. फायबरचा वास नाकात अजून आहे.

अण्णा उभे होते. झब्बा, जाकीट. उजवा हात थेट आभाळाकडे, बोट ताठ. चेहरा मात्र हुबेहूब. कपाळावरचा तीळसुद्धा.

म्हटलं, हा हात वर जात नव्हता.

"बॉडी रेडी असते मॅडम," मूर्तिकार. "साचा एकच. डोकं तेवढं नवीन." कोपऱ्यात आणखी तसेच उभे होते, डोक्याविना. सगळ्यांचे हात वर.

मनोजदादा म्हणाला, "ताई, हात खाली ठेवला तर माणूस रिक्षाची वाट बघतोय असं वाटेल. छे, रिक्षालापण हात वर करावा लागतो!" आणि मूर्तिकाराला टाळी.

"अण्णा डाव्या हाताने रिक्षा थांबवायचे."

मनोजदादा हळूच, "हे आता कुणाला आठवतंय, ताई?"

मला. आईला. बस्स.

झब्बा डोक्यातून घालावा लागतो. अण्णांचे जन्मभर बुशशर्ट, पुढून बटणांचे. तेही आई घालून द्यायची. आधी उजवी बाही, मग डावी. गाळ्यात राग यायला हवा होता. मी नुसती जाकिटाची बटणं मोजली.

११ नोव्हें., मंगळ.

मनोजदादाशी पुन्हा बोलले. साचा नवा करायचा तर मंत्र्यांची तारीख जाते. तारीख गेली की बागेत दुसऱ्या कुणाचा तरी पुतळा येईल. धमकी म्हणून नाही सांगितलं, मायेनेच सांगितलं.

पण घरच्यांची संमती अजून द्यायची आहे. आईची सही लागते. ठरवलं. आईला सांगायचं, हात खाली येईपर्यंत सही नाही.

१२ नोव्हें., बुध.

आईला मोबाइलवर पुतळ्याचा फोटो दाखवला. तिने चष्मा शोधला, पदराला पुसला. मोठा करून दे म्हणाली. मी हात मोठा करून दिला. पडदाभर नुसता हात.

मनगटापासून बोटापर्यंत बघत गेली.

"बघ, काय केलंय ते," मी म्हटलं. "सही करू नकोस."

"हात वर गेलो मगे," आई म्हणाली.

"खोटं आहे ना पण."

"रवांदे गो तसोच."

"अण्णांना चाललं असतं का?"

"तेंका काय इचारतंस? जल्मभर तेंचो हात मियां बाहयेत घातलो. थंडीत कळा येयत, तेल मियां लावलां. माका तो वर गेलेलो बघूचो आसा. एकदा."

मग विचारायला लागली, हार गळ्यापर्यंत पोचेल का. स्टूल नेऊ म्हटलं. तिने सही केली.

स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिले. रडू येईल असं वाटलं. नाही आलं. नळ चालूच होता, म्हणून भांडी घासली.

१३ नोव्हें., गुरु.

फलकाचा मजकूर आला. यांच्या शुभहस्ते, यांच्या प्रमुख उपस्थितीत, यांच्या अथक प्रयत्नांतून. मनोजदादाचं नाव अण्णांच्या नावाएवढंच मोठं. 'पक्षाचे निष्ठावंत' असंही घातलंय. मध्ये माझ्या दोन ओळींची मोकळी जागा.

आई सकाळपासून कपाट उघडून बसलीय. अनावरणाला कुठली साडी. मोरपंखी की ती जांभळी. मधेच अण्णांचा बुशशर्ट हाताशी आला, तर उजवी बाही सरळ केली आणि परत ठेवून दिला. सवयीने.

हात खाली करा, असं आता मला म्हणता येणार नाही. तो हात आईचा झाला. मग खरं काय होतं ते कुठे ठेवू? पुतळ्यात जागा नाही. त्या दोन ओळींत आहे.

१४ नोव्हें., शुक्र.

ओळी झाल्या. मनोजदादाला पाठवल्या.

'गोव्यात पोलिसांच्या मारानंतर यांचा उजवा हात पुन्हा कधी वर गेला नाही. त्यानंतरच्या सगळ्या घोषणा यांनी डाव्या हाताने दिल्या.'

तो नाही म्हणेल. ताई, चेष्टा होईल ना, म्हणेल. किंवा काहीच न म्हणता परस्पर 'थोर' वगैरे कोरून मोकळा होईल. माहीत आहे. तरी ओळींखाली लिहिलं:

'पुतळा आहे तसाच बसव, आईला तसाच हवाय. या दोन ओळींतला मात्र एकही शब्द बदलू नकोस. जागा कमी पडली तर निष्ठावंत काढ. लोक आधी वर बघतील, मग खाली वाचतील, गोंधळतील, कुणी हसेलही. हसू देत. निबंध लिहून द्यायचे तेव्हा कधी काही मागितलं नव्हतं. एवढं करशील का रे?'