बावीस तास

१२ मे, मंगळवार

धरणावरच्या बोटीच्या सर्व्हिसिंगला आज वर्ध्याहून मेकॅनिक आला. इंजिन किती तास चाललं ते दाखवणारं मीटर पाहून म्हणाला, "साहेब, हे इंजिनवर नाई, चाबीवर चालते. इंजिन बंद असलं अन् नुसती चाबी लावून ठेवली, तरी तास चढते."

गेल्या महिन्यात फेऱ्यांच्या वहीपेक्षा मीटरवर बावीस तास जास्त निघाले, म्हणून मी नामदेवला कामावरून हाकललं. पंधरा वर्षं बोट चालवणारा माणूस. चोरून कोणाला फिरवत होतास, असं सगळ्यांसमोर विचारलं. वहीचा आणि मीटरचा आकडा त्यालाच मोठ्यानं वाचायला लावला. त्यानं वाचला.

आणि रोज दुपारी बोटीत चाबी लावून, बॅटरीवर पंखा सुरू करून झोपत कोण होतं? मीच. बावीस तास माझ्याच झोपेचे.

"चाबी लावून कोन बसे, साहेब?" मेकॅनिकनं विचारलं.

"नामदेव," मी म्हटलं. जीभ जराही अडखळली नाही. अडखळायला हवी होती का? पंखा तेवढा गुपचूप घरी आणला.

संध्याकाळी नामदेवचाच फोन. "साहेब, मेकॅनिक येऊन गेला म्हनते. मीटरचं काई समजलं काय?"

"समजलं. मीटर बरोबर आहे."

तो म्हणाला, "मंग माह्याच हातून काई चुकलं असन, साहेब. माफ करजा."

मी त्याला माफ केलं.