खेळ थांबवणारा माणूस

चिखली,
२० फेब्रुवारी १९६९

प्रिय हिंमत,

तुझं नोव्हेंबरातलं पत्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिळालं. आज फेब्रुवारीची वीस तारीख. तुला माझं उत्तर अजून पोचलेलं नसणार, आणि ते का, हे शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचायचा नाहीस. तू सात पानं अमेरिकेबद्दल लिहिलीस आणि अगदी खाली, समासात, एकच प्रश्न विचारलास: देऊळघाटचा जगदेव माणूस म्हणून कसा आहे? तुझ्या बहिणीला, कोकिळेला, त्या घरी द्यायची की नाही, यासाठी भगवानकाका बाप असून तुझ्या होकाराची वाट पाहताहेत, आणि तू माझ्या शब्दाची. मी त्याला कबड्डीत जवळून पाहिलंय, तू पाहिलेलं नाहीस, म्हणून. अडीच महिने झाले, तुमच्या घरचं सगळं माझ्या एका ओळीवर अडून बसलंय. हिंमत, मी फार थकलो बे. काम काही फार नाही. लाऊडस्पीकरच्या दुकानात बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या, लग्नसराईत भोंगे घेऊन गावोगाव हिंडायचं. अॅसिडनं सदऱ्याला भोकं पडतात, तेवढंच. हा थकवा त्याचा नाही.

तुझं ते पत्र उंद्रीला तुमच्या ओसरीवर कोकिळेनं मोठ्यानं वाचलं. काका, तानुकाकू आणि मी ऐकत होतो. आमच्यापैकी कुणी टेलिव्हिजन पाहिलेला नाही, आणि चेंडू काखेत मारून पळायचा तो अमेरिकन फुटबॉल तर नाहीच नाही. पण तू लिहिलंस असं की काकासुद्धा पानाचा डबा बंद करून ऐकत राहिले. मैदानाच्या कडेला टेलिव्हिजन कंपनीचा एक माणूस लाल टोपी घालून उभा असतो, त्यानं खूण केली की पंच शिट्टी मारतो, खेळ थांबतो, आणि घरोघरी साबणाच्या आणि मोटारींच्या जाहिराती सुरू होतात. त्या संपेपर्यंत ते एवढाले दांडगे गडी कमरेवर हात ठेवून उभे. कंपनीनं सामने दाखवायचा हक्क विकत घेतलेला, म्हणून सामना किती वाजता सुरू व्हायचा हेसुद्धा तिच्या सोयीनं. तानुकाकू म्हणाल्या, "अवं माय, खेळ थांबवून साबण इकतात? न तवरलोक गडी थंडे नसतील पडत?" त्यावर काका म्हणाले, "थंडे पडू दे, साबण तं खपला." मग ते तुझ्या मोटेलाचं आलं. ज्या शहरात सामना, त्या शहराभोवतीच्या पंचाहत्तर मैलांत तो टेलिव्हिजनवर दाखवायचा नाही, म्हणजे लोक तिकीट काढून मैदानावर येतील. म्हणून दर सामन्याच्या रविवारी न्यूयॉर्कचे लोक मोटारी काढून ऐंशी मैलांवर तू काम करतोस त्या मोटेलात येतात, खोली घेतात, आपल्याच गावचा खेळ पाहतात आणि चादरीची घडीसुद्धा न मोडता परत जातात. कोकिळेनं पत्र खाली ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे जवळच्याले अंधार, न दूरच्याले उजेड." सगळे हसले. मला हसता आलं नाही.

तुमच्या आमच्या घरात भिंत एकच, हे तुला सांगायला नको. भिंतीपलीकडे ती पाटावर बसून तांदूळ निवडत असली तर सुपाच्या आवाजावरून मला कळायचं. आणि तरीही, तिला पाहायला देऊळघाटचे लोक दिवाळीत येऊन गेले, ही बातमी मला चिखलीच्या एस. टी. स्टँडवर दुसऱ्याच कुणी दिली. अमरावती मी का सोडली हे तू मला चारदा विचारलंस आणि मी चारही वेळा मेसच्या वरणावरून मारामारी झाली म्हणून सांगितलं. वरण होतं खरं, पण ते समोरच्या पोराच्या अंगावर सांडलं एवढंच. आठव, दसऱ्याच्या आधी काका कोकिळेला घेऊन तुला भेटायला होस्टेलवर आले होते. ते गेल्यावर संध्याकाळी मेसमध्ये अकोल्याचा एक पोरगा तिच्या वेणीबद्दल काहीतरी बोलला. तू तेव्हा काकांना स्टेशनवर पोचवायला गेला होतास. मी त्याच्या तोंडावर वरणाचं पातेलं मारलं. रेक्टर म्हणाले, माफी लिहून दे आणि जा. एका ओळीची माफी होती. मी ट्रंक उचलली. तुझी बहीण म्हणून मारलं, असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगत होतो. ते खोटं होतं, आणि ते तुला तीन वर्षांनी, अमेरिकेत असताना, कागदावर सांगतोय. समोर असतास तर सांगितलं नसतं.

जानेवारीत उंद्रीला कबड्डीचे सामने भरले. ढाल दिली चिखलीच्या माणिकराव कापडवाल्यांनी. भोंगे आमच्या दुकानाचे, माईकवर मी. तुझं पत्र माझ्या खिशात होतं, घडीवर फाटायला आलं होतं. मी कमिटीला म्हणालो, अमेरिकेत असं करतात. आपणही चढाया थांबवून मध्येमध्ये दुकानांची नावं वाचू, दुकानदार खूश होतील, पुढच्या साली दुसरी ढाल मिळेल. अमेरिकेचं नाव काढल्यावर कमिटी काय बोलणार? मी खांद्यावर लाल रुमाल टाकला. तो हलवला की पंचांनी शिट्टी मारायची. पंच जानराव होते, मिलिटरीतून रिटायर झालेले, सरळ माणूस. पहिल्याच दिवशी म्हणाले, "निवृत्ती, हे कबड्डी हाय का दुकान?" पण कमिटीनं ठरवलं म्हणून शिट्टी मारत राहिले. खरं सांगतो, पहिले दोन दिवस माझ्या मनात काही वाईट नव्हतं. लोक जाहिरातींनाही टाळ्या द्यायचे. गिरणीवाला आपलं नाव ऐकायला तीनदा आला आणि चौथ्यांदा बायकोला घेऊन आला.

शेवटचा सामना उंद्री आणि देऊळघाट. दुपारी तीनला होता. त्या दिवशी बाजार. माणिकराव म्हणाले, बाजार उठल्यावर लावा, गर्दी दुप्पट होते. ढाल त्यांची, म्हणून सामना पाचावर गेला. पाचाला सूर्य शाळेच्या बाजूनं थेट देऊळघाटवाल्यांच्या डोळ्यांत. मला ते दिसत होतं, आणि बरं वाटत होतं. जगदेव तुला कसा सांगू? मोताळ्याच्या शाळेत मास्तर आहे, उंचीनं फार नाही, पण दम असा की मधल्या पाटीवरून सुरू केलेला "कबड्डी कबड्डी" परत पाटीवर येईस्तोवर एका सुरात. बायका शाळेच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्याच्या एका चढाईला आपले तीन गडी बाद झाले तेव्हा ओट्यावर एकटी कोकिळा उभी राहिली. टाळी नाही वाजवली, आपल्या गावाविरुद्ध कशी वाजवील? नुसती उभी राहिली. तिथून पुढे मी मी राहिलो नाही. तो चढाईवरून जिंकून आला की माझा रुमाल हलायचा. आपले गडी पाणी पिऊन ताजे, आणि तो थंडीत घाम पुसत उभा. आपले दोनच गडी उरले, आता एक चढाई आणि आपल्यावर लोण चढणार, तेव्हा मी माणिकरावांच्या दुकानातल्या यच्चयावत साड्यांची नावं वाचली. लुगडी वाचली, खण वाचले, पोरांच्या चड्ड्यासुद्धा वाचल्या. वाचून झालं तोवर सूर्य गेला होता. त्याचा दम अर्ध्यावर तुटला आणि आपल्या संघातल्या कचरूनं त्याचा पाय धरला. आपण एका गुणानं जिंकलो.

त्या पकडीत कचरूचा गुडघा फिरला, त्याच्या स्वतःच्याच अंगाखाली. लोक ढालीकडे धावले. जगदेवनं, हरलेल्या माणसानं, कचरूला पाठीवर घेतलं आणि रस्त्यावर नेलं. तिथं ट्रक थांबवून त्याच्याबरोबर चिखलीच्या दवाखान्यात गेला. जाताना माझ्या टेबलाजवळ थांबला. मी मुठी आवळल्या, वाटलं आता होऊन जाऊ दे. तो म्हणाला, "भाऊ, कचरूच्या घरी कळवा माईकवरून. माय घाबरंल त्याची." एवढंच. आणि मी तेव्हा काय करत होतो? माणिकरावांचा शेवटचा निरोप वाचत होतो.

पंधरा दिवसांनी मी उंद्रीला गेलो. तुझं पत्र तानुकाकूंनी ठेवायला मागितलं होतं, ते द्यायचं होतं. कोकिळा अंगणात वाळत घातलेली तूर पायानं फिरवत होती. घरात कुणी नव्हतं, पण दार सताड उघडं होतं आणि ती दारातच उभी राहिली. पत्र घेतलं आणि म्हणाली, "निवृत्तीभाऊ, तीन दिवस माईक तुमच्या हातात होता. साऱ्या चिखलीच्या जाहिराती वाचल्या तुम्ही. आपलं एक वाक्य नाही बोलता आलं?" मी जायला वळलो. ती म्हणाली, "बोलले असते तं मी काय म्हटलं असतं, ते मले बी माहीत नाही. पण आता मले माहीत हाय मी कोठी जाऊन राह्यली. दादानं तुमाले इचारलं न? मंग चांगलं लिहा, वाईट लिहा, पण लिहा. असं रुमाल हलवून उभं नका राहू. गडी थंडे पडतात." आणि परत तूर फिरवायला लागली. ती बोलली ते अगदी हळू, रागानं नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं, मला रागाची भाषा येते.

तिला वाटलं मी अजून लिहिलं नाही. मी लिहिलं होतं, हिंमत. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं तापलेलंच असताना, मी तुला एक पत्र टाकलं. त्यात लिहिलं की जगदेव पितो, आणि हरायला लागला तेव्हा त्यानं कचरूचा गुडघा मुद्दाम मोडला. अशा माणसाला बहीण देऊ नको. त्यातलं एक अक्षर खरं नाही. कोकिळेकडून निघालो तो तसाच चिखलीच्या पोस्टात गेलो, पत्र परत मिळतं का विचारायला. पोस्टमास्तर म्हणाले, तुमच्या पाकिटावर तिकिटं कमी होती, ते विमानानं नाही गेलं, जहाजाच्या टपालात गेलं; सुवेझचा कालवा बंद आहे, आफ्रिकेला वळसा घालून जातं, तीन महिने धरा. मी तिथंच बाकावर बसलो. घरी येऊन चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. हे पाचवं. हे विमानानं जाईल, तिकिटं पोस्टमास्तरांकडून दोनदा तपासून घेणार आहे. तू लिहिलं होतंस ना, एका रविवारी सामना संपायला एकच मिनिट उरलं असताना ठरल्या वेळी पोरांचं पिक्चर लावायचं म्हणून टेलिव्हिजनवाल्यांनी सामना मध्येच बंद केला, मोटेलातले लोक आपण जिंकलो म्हणून नाचत घरी गेले, आणि सकाळी कळलं की त्या शेवटच्या मिनिटात हरलो होतो? जहाजानं येणारं माझं पत्र तसलं आहे. शेवटचं मिनिट त्यात नाही, ते या पत्रात आहे. ते आलं तर उघडू नको, तसंच चुलीत घाल. तुझ्या प्रश्नाचं उत्तर: जगदेव चांगला माणूस आहे, कोकिळेच्या मनात आहे, आणि काकांना तू पत्र नको, तार कर, म्हणजे लग्नाची वैशाखातली तारीख हातची जाणार नाही. कचरू आता काठीशिवाय चालतो. त्यालाही मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू बी ना बे," आणि चहा पाजला. लग्नाला भोंगे आमच्याच दुकानाचे लागतील आणि माईकवर मीच असेन. लाल रुमाल घरी ठेवून येईन.

तू ठेवलास तर अजूनही तुझाच,
निवृत्ती